ज्यांच्या नावाने नेम धरला जातो

गोव्यातून हुबळी-धारवाडला जाणे आपल्या लोकांना नवे नाही. कुणी खरेदीला जातो, कुणी इस्पितळात, कुणी मुलांच्या प्रवेशाच्या खटपटीला. मी गेलो होतो आतेबहिणीकडे. अनमोड घाट चढून, रामनगर आणि अळणावरमार्गे संध्याकाळी धारवाडला पोहोचलो, तेव्हा घरात एका रायफलीवरून बोलणी चालली होती. भाच्याचे वय सतरा. दोन-तीन वर्षे तो हुबळीतील एका नेमबाजी केंद्रात एअर रायफलचा सराव करतो आहे. आता त्याला पॉइंट टू-टू बोअरची, म्हणजे खऱ्या काडतुसाची रायफल हवी होती आणि तीही स्ट्रेट-पुल बोल्टची. तिचे चित्र त्याने मला दाखवले. किंमत ऐकल्यावर भावोजींनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

या चर्चेत एक शब्द वारंवार येत होता. मावळणकर. मावळणकर खेळायचे आहे, मावळणकरमध्ये इतके गुण लागतात, मावळणकर झाले की राष्ट्रीय. एखाद्या घाटाचे किंवा स्थानकाचे नाव घ्यावे तसे ते नाव घेतले जात होते. हे मावळणकर कोण, असे मी विचारले तेव्हा भाच्याने क्षणभर विचार करून ते जुने नेमबाज असावेत असे सांगितले. केंद्रातील त्याचे कन्नड मित्रही तसेच समजतात म्हणे.

गणेश वासुदेव मावळणकर हे नेमबाज म्हणून कधी प्रसिद्ध नव्हते. ते वकील होते, गांधीजींचे अनुयायी होते, सहा वर्षांच्या आसपास तुरुंगात राहिलेले सत्याग्रही होते आणि स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले सभापती होते. अशा माणसाचे नाव देशातील एका मोठ्या बंदूकस्पर्धेला कसे मिळाले, हे समजून घ्यायचे तर त्यांचे सारे आयुष्यच पाहावे लागते.

मावळणकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील, संगमेश्वरकडील मावळंगे या गावचे. गणेशपंतांचा जन्म मात्र २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. बालपणीच्या शिक्षणाचा काही काळ राजापुरात गेला. १९०२ साली ते अहमदाबादला आले आणि तेच त्यांचे गाव झाले. गुजरात कॉलेजातून १९०८ साली विज्ञान विषय घेऊन ते बी. ए. झाले, १९१२ साली कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि पुढील वर्षी अहमदाबादेत त्यांनी वकिली सुरू केली. घरात मराठी, बाजारात आणि सार्वजनिक कामात गुजराती, न्यायालयात इंग्रजी असा त्यांचा व्यवहार होता. गुजरातेत ते दादासाहेब म्हणून ओळखले गेले. कोकणातून निघून परमुलखात रुजलेली अशी घराणी आपल्याला ठाऊकच आहेत. पण त्यांतील फार थोड्यांना नव्या मुलखाने इतके आपले मानले असेल.

वकिली चांगली चालू लागली होती. त्याच वेळी गांधीजी अहमदाबादेत येऊन राहिले. गुजरात सभा या संस्थेचे मावळणकर १९१६ साली चिटणीस झाले आणि १९१८च्या खेडा सत्याग्रहात, म्हणजे पीक बुडाले असता शेतसारा वसूल करणाऱ्या सरकारविरुद्ध झालेल्या लढ्यात, त्यांनी भाग घेतला. असहकाराच्या दिवसांत त्यांनी वकिली बाजूला ठेवली आणि गुजरात प्रांतिक काँग्रेसच्या चिटणीसपदाचे काम केले. अहमदाबाद नगरपालिकेत ते १९१९ पासून होते. पुढे दोन वेळा तिचे अध्यक्ष झाले.

येथे थोडे थांबायला हवे, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या काळात आहे. गांधी म्हटले की शस्त्राचा संपूर्ण निषेध, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात खेडा सत्याग्रह संपल्यावर काही आठवड्यांतच गांधीजी त्याच खेड्यांतून पहिल्या महायुद्धासाठी सैनिक भरती करत फिरले. लोकांनी त्यांना फारसा प्रतिसाद दिला नाही, ही गोष्ट वेगळी. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी जनतेला निःशस्त्र केले, याचा राग त्यांच्या लेखनात स्पष्ट दिसतो. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू करण्यापूर्वी त्यांनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतली एक आत्मरक्षणासाठी शस्त्रपरवाने मिळावेत ही होती. मात्र त्यावर लोकांचे नियंत्रण असावे, असेही त्यांनी सुचवले होते. १९३१च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. म्हणजे बंदूक सरकारने लोकांवर रोखण्याची वस्तू न राहता नियमाखाली नागरिकाच्या हाती यावी, हा विचार काँग्रेसच्या राजकारणात चांगलाच रुजलेला होता. मावळणकर त्याच राजकारणात वाढले.

१९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या आणि मुंबई विधानसभेच्या सभापतिपदी मावळणकर निवडले गेले. वकिली त्यांनी त्या वेळी कायमची सोडली. या सभागृहात १७५ सदस्य होते आणि ते केवळ मुंबईचे नव्हते. अहमदाबाद-सुरतेपासून पुणे-साताऱ्यापर्यंत आणि खाली बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवारपर्यंतचा मुलूख या प्रांतात मोडत होता. आज भाचा ज्या शहरात राहतो त्या धारवाडचे आणि आपल्या काणकोणच्या सीमेला लागलेल्या कारवारचे प्रतिनिधी मावळणकरांच्या सभागृहात बसत होते. मराठी, गुजराती आणि कन्नड अशा तीन भाषांच्या माणसांचे ते सभागृह सांभाळायला घरात एक आणि दारात दुसरी भाषा बोलणारा माणूस मिळाला, हे त्या प्रांताचे भाग्यच म्हणायचे. १९३९ साली काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्यानंतर १९४० आणि १९४२ अशा दोन्ही आंदोलनांत सभापती मावळणकर तुरुंगात गेले.

तुरुंगात त्यांचा संबंध खून, दरोडे अशा गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांशी आला. त्या माणसांच्या जीवनकथा त्यांनी पुढे गुजरातीत लिहिल्या. ‘मानवतानां झरणां’ हे त्या पुस्तकाचे नाव. कायदा शिकलेला माणूस कायदा मोडलेल्यांच्या आयुष्याकडे अशा नजरेने पाहतो, हे मला त्यांच्या सभापतिपदाइतकेच महत्त्वाचे वाटते. हातातील शस्त्राने माणसाचे काय होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. सरकारी बाजूचा पाठिंबा सर कावसजी जहांगीर यांना होता. मावळणकर ६६ विरुद्ध ६३ मतांनी निवडून आले. अवघ्या तीन मतांचे ते यश ब्रिटिश सत्तेला बराच काळ सलले असणार. स्वातंत्र्यानंतर, नोव्हेंबर १९४७ मध्ये, संविधान सभा कायदेमंडळ म्हणून बसू लागली, तेव्हा तिचे सभापतिपद त्यांच्याकडे आले. पहिली लोकसभा निवडून आल्यावर १५ मे १९५२ रोजी ते ३९४ विरुद्ध ५५ मतांनी सभापती झाले. त्यांच्याविरुद्ध उभे होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. लोकसभेच्या पहिल्या सभापतिपदाची लढत दोन मराठी माणसांत झाली होती, हे आज फारसे कुणाच्या लक्षात नसते.

संसदेतील त्यांच्या कामावर पुस्तके आहेत. येथे विस्तार नको. प्रश्नोत्तराच्या तासाला त्यांनी वजन दिले. सरकारी खर्चाची छाननी करणारी अंदाज समिती १९५० साली त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाली. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात की नाही, हे पाहणारी समिती १९५३ सालची. वटहुकूम काढण्याची सवय लोकशाहीला घातक आहे, असे त्यांनी सरकारला पत्राने कळवले होते, आणि पंतप्रधानपदी नेहरू होते म्हणून त्यांची भाषा मवाळ झाली नाही. विरोधकांनाही ते नेहमीच आवडत नव्हते. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव लोकसभेत चर्चेला आला आणि फेटाळला गेला.

गोमंतकीय वाचकांना आणखी एक धागा सांगायला हवा. १९५४-५५ या काळात गोव्याचा प्रश्न लोकसभेत वारंवार उपस्थित होत होता आणि त्या चर्चांच्या वेळी सभापती मावळणकर होते. त्यांच्याच सभागृहाचे एक सदस्य, बंगालचे त्रिदिब चौधरी, जुलै १९५५ मध्ये सत्याग्रही म्हणून गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांना तुरुंगात टाकले. मावळणकरांचे निधन झाले तेव्हा हा खासदार आग्वादच्या किल्ल्यातच होता.

आता रायफलीकडे वळू.

१७ एप्रिल १९५१ रोजी नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले मावळणकर. गांधीजींचा पिस्तुलाने खून होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे लोटली होती. कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक न्यास आणि गांधी स्मारक निधी या संस्थांची धुरा वाहणारा माणूस रायफल असोसिएशनच्या अध्यक्षपदी बसला होता. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो आणि अनेकांना तेव्हाही वाटला असेल. पण कराचीचा ठराव, अकरा मागण्या आणि निःशस्त्र केल्याचा तो जुना राग लक्षात घेतला, म्हणजे संगती लागते. १८७८चा शस्त्र कायदा १९५१ सालीही अमलात होता. संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी १९४८ साली शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली होती. ती नामंजूर झाली. मोकळा हक्क नाही आणि परकीय सत्तेच्या काळातील सरसकट अविश्वासही नाही, यांच्या मधली एक वाट शिल्लक होती. मंडळ स्थापावे, त्याला नियम असावेत, सदस्यांची नोंद असावी, ठरलेल्या जागी ठरलेल्या अंतरावरून कागदाच्या लक्ष्यावर गोळी झाडावी आणि तिचे गुण मोजावेत. आयुष्यभर सभागृहाचे नियम बसवणाऱ्या माणसाला हे काम परके वाटले नसावे, असे मला वाटते. संस्था स्थापन झाल्याच्या पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हरिहर बॅनर्जी भारताच्या वतीने रायफल नेमबाजीत उतरले.

मावळणकरांच्या निधनानंतर १९५९ साली नवा शस्त्र कायदा आला. त्याच्या तेराव्या कलमात मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या किंवा असोसिएशनच्या सदस्याला लक्ष्यसरावासाठी पॉइंट टू-टू बोअरची रायफल किंवा एअर रायफल यांचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. म्हणजे आपल्याकडे नेमबाजासाठी रायफलीची पहिली निवड दुकानात होत नाही. ती कायद्यात आधीच झालेली असते. स्पोर्टिंग रायफल या शब्दाचा जुना अर्थ शिकारीची रायफल. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या अर्थाला आपल्या देशात जागा उरली नाही. उरले ते कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्य.

भाच्याच्या स्ट्रेट-पुलचे काय, हे त्या रात्री जेवणानंतर आम्ही नीट पाहिले. नेहमीच्या बोल्टची रायफल चार हालचालींत पुन्हा सज्ज होते. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली बसवायची. स्ट्रेट-पुलमध्ये दांडी उचलावी आणि खाली पाडावी लागत नाही; सरळ मागे आणि सरळ पुढे, एवढेच. बोल्ट अडकवण्यासाठी जे फिरणे आवश्यक असते, ते आतील यंत्रणा स्वतः करते. ऑस्ट्रियाच्या फर्डिनांड मानलिखर यांनी अशा बोल्टची रायफल तयार केली आणि १८९५ सालचा तिचा नमुना त्या साम्राज्याच्या सैन्याने वापरला. स्वित्झर्लंडनेही १८८९ पासून हाच मार्ग धरला. तेथील १९३१ सालच्या नमुन्याच्या रायफली नागरिक तीनशे मीटरच्या नेमबाजीत अजून वापरतात.

या जातीची एक कथा मात्र भाच्याला मुद्दाम सांगितली. कॅनडाच्या सैन्याची रॉस रायफल स्ट्रेट-पुलच होती. इंग्लंडमधील बिझली येथील नेमबाजी मैदानावर तिच्या अचूकतेने मोठे यश मिळवले. पण १९१५ साली ईप्रच्या चिखलात आणि सततच्या गोळीबारात तिचा बोल्ट अडकू लागला. सैनिक बुटाने लाथ मारून तो उघडत. चुकीच्या रीतीने जोडलेला बोल्ट अडकल्याशिवायही पुढे बसे, आणि मग गोळी झाडणाऱ्याच्याच जिवावर बेतत असे. १९१६ साली ती सैन्यातून काढून घेण्यात आली. स्पर्धेच्या स्वच्छ मैदानावरील गुण आणि बाहेरच्या जगातील गुण नेहमी एकच नसतात. उलट बाजूही आहे. धारवाडच्या मुलाला चिखलात लढायचे नाही, म्हणून रॉसच्या अपयशाचा त्याला धाकही नको.

खरा मुद्दा वेगाचा आहे. स्ट्रेट-पुलचा आज सर्वांत मोठा उपयोग होतो तो बायथलॉनमध्ये. बर्फावर स्की करून धापा टाकत आलेला खेळाडू पन्नास मीटरवरील पाच लक्ष्ये एकामागून एक पाडतो. तेथे प्रत्येक सेकंद मोलाचा असतो आणि तर्जनी-अंगठ्याच्या एका हालचालीत बोल्ट मागेपुढे होणे म्हणजे मोठाच फायदा. त्यासाठीच्या पॉइंट टू-टू बोअरच्या जर्मन आणि रशियन रायफली प्रसिद्ध आहेत. पण भाच्याला खेळायची आहे ती पन्नास मीटरची रायफल स्पर्धा. तिच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक काडतूस हाताने एकेक भरायचे असते. वेळ पुरेसा असतो आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे. तेथे दांडी वर उचलण्याचे अर्धे सेकंद वाचवून काही साधत नाही. नळी चांगली असावी, चाप हलका आणि दर वेळी सारखाच सुटावा, दस्ता शरीराला बसेल असा जुळवता यावा आणि त्या नळीला मानवणारी काडतुसे पुढेही मिळत राहावीत. झोपून नेम धरताना गाल दस्त्यावरून न उचलता बोल्ट चालवता आला तर बरे, एवढा एक मुद्दा स्ट्रेट-पुलच्या बाजूने राहतो. तो खोटा नाही; पण लाखांच्या हिशेबात तो किती वजनाचा, हे भावोजींनी आधीच ठरवलेले दिसले.

शिवाय वयाचाही प्रश्न होता. शस्त्र कायदा सर्वसाधारणपणे एकवीस वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगू देत नाही. प्रशिक्षणात, ठरावीक अटींवर वापरू देतो. तेव्हा काही काळ केंद्राच्या रायफलीवरच हात बसवायचा, असे ठरले. राधानगरीकडील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनची विश्वविजेती झाली. ही दोन नावे भाच्याला पाठ होती.

मावळणकरांना १९५६च्या जानेवारीत हृदयविकाराचा झटका आला. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. रिकाम्या जागेवर त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. पुढे १९७२ साली पुत्र पुरुषोत्तम मावळणकर अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. ज्या प्रांताच्या विधानसभेचे दादासाहेब सभापती होते, तोही त्याच वर्षी बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड आणि कारवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. दिल्लीत रफी मार्गावर त्यांच्या नावाचे सभागृह आहे. आणि दर वर्षी राज्याराज्यांतून निवडलेली मुले अखिल भारतीय जी. व्ही. मावळणकर नेमबाजी स्पर्धेत गुण मिळवून राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता गाठू पाहतात.

निघण्याच्या दिवशी सकाळी भाचा ओसरीवर एअर रायफल धरून उभा होता. छर्रा न भरता, भिंतीवरील एका काळ्या ठिपक्यावर नेम धरून, श्वास रोखून. त्याचे झाल्यावर त्याने फोनवर नकाशा उघडला आणि मावळंगे शोधून काढले. तेथून राजापूर किती लांब आणि मामा तिकडे कधी जाणार, हे त्याने विचारले. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ, असे मी कबूल केले आहे.